कोरीनचे चार पॅच

३ सप्टेंबर २०१८, सोमवार. कॉर्व्हॅलिस, ऑरेगन

शोकसमुपदेशक बाईंनी ही वही दिली आणि सांगितले, की एखाद्या अनोळखी माणसाला सांगतो आहोत असे समजून लिहावे. सूचना वाजवी आहे. म्हणून प्रथम परिचय. मी हार्लन ऑस्ट्रँडर, वय त्रेसष्ट, विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर. माझी पत्नी कोरीन ११ ऑगस्ट रोजी वारली. आजार स्वादुपिंडाचा होता. निदानापासून अखेरपर्यंत सात महिने मिळाले.

आज कामगारदिनाची सुट्टी. शेजाऱ्यांनी ज्यांतून जेवण आणून दिले ती काचेची सहा भांडी धुतली, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावली आणि पोहोचती केली. मिसेस हॉगन म्हणाल्या, "अहो, राहू द्यायचं होतं की! चव आवडली का?" मी सांगितले, की मीठ जास्त होते. त्यांनी विचारले होते.

आता कामाविषयी. यूएसबीच्या तारेची दोन टोके समान नसतात. एका टोकाला यजमान असतो. तो वीज देतो आणि प्रश्न विचारतो. दुसऱ्या टोकाला पाहुणा असतो. तो विचारल्याखेरीज बोलत नाही. काही चिप मात्र दोन्ही भूमिका करू शकतात. फोन संगणकाला जोडला की तो पाहुणा. त्याच फोनला कळफलक जोडला की तो यजमान. ही अदलाबदल पूर्वी प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे तिची चिप चालवणारा प्रोग्राम, आपापल्या पद्धतीने करीत असे. २००९ साली मी सर्वांसाठी एक सामाईक थर लिहिला. थर वरून आज्ञा देतो, ड्रायव्हर खालून ती पाळतात. ज्या चिपला आज्ञा पाळता येत नाही तिच्यासाठी अपवाद नोंदवावा लागतो. आजवर एकेचाळीस अपवाद नोंदले आहेत.

या कोडमध्ये कोणाला बदल सुचवायचा असेल तर तो पॅच लिहून, सर्वांना ईमेलने पोहोचणाऱ्या जाहीर मेलिंग लिस्टवर पाठवतो. या विभागाचा देखभालकर्ता म्हणून मी तो तपासतो. मान्य झाल्यास तो माझ्या वरच्या वेंडेल प्रुइटकडे जातो आणि तिथून जगभर. दोनशे चौदा पत्रे वाचायची राहिली आहेत. उद्यापासून क्रमाने घेईन.

६ सप्टेंबर, गुरुवार

ऑस्टिनमधील एका लहान चिप-कंपनीच्या अभियंता ओडालिस बारिएंतोस यांनी अकरा पॅचची मालिका पाठवली आहे. माझा थर काढून टाकावा आणि त्याच्या जागी लहान लहान साधनांचा एक संच ठेवावा, असा प्रस्ताव आहे. ड्रायव्हरला गरज पडेल तेव्हा त्याने साधन उचलावे. सामाईक कोडने कोणालाही आज्ञा देऊ नये. ही कल्पना जुनी आहे आणि मी तिचे खंडन पूर्वीच केले आहे.

नकाराची वाक्ये मनात तयार होत असताना पहिल्या चार पॅचच्या माथ्याकडे लक्ष गेले. लेखक : कोरीन ऑस्ट्रँडर. तळाशी सही : कोरीन ऑस्ट्रँडर. तिच्याखाली, पॅच वाहून आणणारी व्यक्ती म्हणून, बारिएंतोस यांची सही.

तळघरात जाऊन, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची हवा-गाळणी बदलली. ती ऑक्टोबरमध्ये बदलायची असते.

पॅचखालची सही शोभेसाठी नसते. हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती प्रतिज्ञा असते. मृत व्यक्ती प्रतिज्ञा करू शकत नाही. लिस्टवर मी पुढील उत्तर दिले : "ज्या व्यक्तीच्या नावाने आपण सही केली आहे ती ११ ऑगस्ट रोजी मरण पावली. कोणत्या अधिकाराने सही केली याचा खुलासा करावा. तोपर्यंत मालिका नामंजूर."

मजकूर चारदा वाचला. अनावश्यक शब्द एकही नाही.

७ सप्टेंबर, शुक्रवार

बारिएंतोस यांचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरवतो :

"मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. १९ जुलैला त्यांचं शेवटचं पत्र आलं, की सही केली आहे, तुझे पॅच तयार झाले की पाठव. मग काही आलं नाही, मला वाटलं उपचार चालू आहेत. त्या गेल्या हे मला आत्ता तुमच्या नकारातून कळतंय, ऑफिसात, सगळ्यांसमोर. मला माफ करा. मी हे मागे घेणार नाही, पण मला माफ करा."

परिच्छेद पाडलेले नाहीत. मालिकेतील त्रुटींविषयी एक शब्दही नाही.

१० सप्टेंबर, सोमवार

वेंडेलचा फोन. आमची ओळख पंचवीस वर्षांची आहे, त्यामुळे तो मर्यादा पाळत नाही.

"हार्लन, तो बेचाळिसावा अपवाद कधी जन्माला घालतोयस? बारशाला बोलाव."

मी म्हणालो, की फोनचा हेतू सांगावा.

"हेतू हाच, की कोरीनचा कोड चांगला आहे. मी बसून वाचला. अरे, एकेचाळीस अपवाद असलेला नियम म्हणजे नियम नसतो, ती तक्रारवही असते! तिनं हेच नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि तू काय केलंस?"

"परीक्षण केले."

"परीक्षण! त्या परीक्षणानंतर तिनं आपल्याला एक ओळ पाठवली नाही. कॉलेजात मुलांना बेरजा शिकवत बसली."

हे खरे नाही. २००९ नंतर कोरीनला या कामात रस उरला नाही. तिने लिन-बेंटन कॉलेजात अध्यापन स्वीकारले, ते बेरजांचे नव्हे, प्रारंभिक प्रोग्रामिंगचे. खात्री करावी म्हणून संग्रहातून ते परीक्षण काढले. लिस्टवरचे काहीही कधी पुसले जात नाही, ही एक सोय आहे. मी लिहिले होते : "कोणी कोणाला आज्ञा द्यायची हेच लेखिकेला समजलेले दिसत नाही. ते समजेपर्यंत तिने पुन्हा पाठवू नये." ती माझी पत्नी असल्याचा उल्लेख केला नव्हता. निःपक्षपातासाठी ते आवश्यक होते. त्या दिवशी जेवायला भाजलेले मांस आणि गाजरे होती. तिने मला दुसऱ्यांदा वाढले होते, हे स्पष्ट आठवते.

वेंडेलने दोन गोष्टी सांगितल्या. सोमवार १५ ऑक्टोबरला या खेपेचे, म्हणजे येत्या आवृत्तीत बदल घेण्याचे, दार बंद होईल. आणि सहीचा प्रश्न असेल तर तो सुटण्यासारखा आहे : "तू तिचा वारस आहेस. तिच्या नावाखाली तू सही कर. एक ओळ. तिचं नाव त्या कोडवर राहील, आणि आपण सगळे मरून गेल्यावरही राहील."

मी म्हणालो, की पुराव्याशिवाय नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

पुरावा म्हणून बारिएंतोस यांनी कोरीनशी झालेला संपूर्ण पत्रव्यवहार मला खाजगीत पाठवला. तो जाहीर करू नये अशी विनंती आहे. फेब्रुवारी ते जुलै, एकशे सहा पत्रे. ती रुग्णालयात, औषध नसेतून जाताना, मांडीवर संगणक ठेवून लिहिली आहेत. त्या वेळी मी खाली गाडीत बसून लिस्टचे काम करीत असे, कारण वरचे नेटवर्क मंद होते. ती मला तसे सांगत असे. "खालीच थांब, इथे जोडणी धड नाही." तिची पत्रे मात्र व्यवस्थित गेलेली दिसतात.

काही उतारे :

"ओडालिस, पहिल्या दोन आवृत्त्यांना ह. नाही म्हणणार. त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस. तिसऱ्या खेपेला नावं त्याला आवडतात तशी लांबलचक कर. मग त्याला वाटेल आपण जिंकलो."

"माझं नाव आधी सांगू नकोस असं म्हणणार होते. मग वाटलं, का म्हणून? चार पॅच माझे आहेत. माझ्या नावाने जाऊ देत. बाकी काही नको मला, फुलं नकोत, स्मारकाचा बाक नको, झाड नको. तेवढं नाव असू दे."

"आज मळमळ फार. पण प्रतीक्षेचं फंक्शन जमलं! इतकं लहान आहे की लाज वाटते."

शेवटच्या पत्रात एका वाक्याला क्रियापद नाही. एरवी तिचे लेखन शुद्ध असे.

मला आवडतात ती नावे लांबलचक नसतात. ती वर्णनात्मक असतात.

१५ सप्टेंबर, शनिवार

पत्रांवरून संमती दिसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु सहीची तारीख १९ जुलै आहे. त्या सुमारास कोरीनची बुद्धी औषधाच्या अमलाखाली होती. माझ्याजवळ मात्रांचा तक्ता आहे; तो मीच ठेवला होता. खाजगी पत्रे जाहीर करणार नाही, हा शब्द पाळला. लिस्टवर केवळ वस्तुस्थिती मांडली : "सहीच्या दिवशी लेखिकेला दर बारा तासांनी तीस मिलिग्रॅम मॉर्फिन दिले जात होते. मात्रा मी स्वतः देत असे. अशा अवस्थेतील सही ग्राह्य धरावी काय, याचा विचार व्हावा."

तासाभरात लिस्टवरची सर्व चर्चा थांबली. मुद्दा बिनतोड असावा.

१६ सप्टेंबर, रविवार

मुलगी मरेन यूजीनहून न कळवता आली. दार उघडताच बोलू लागली.

"बाबा, आईला किती मॉर्फिन लागत होतं हे तुम्ही जगाला सांगितलंत?"

"जगाला नाही. मेलिंग लिस्टला. आणि आकडा अचूक आहे."

"आकडा अचूक आहे!" ती हसली, पण ते हसणे नव्हते. "त्या गोळीनंतर तिला तासभर बरं वाटायचं. तेवढा एकच तास. त्यात ती ते लिहायची. तुम्हाला काय वाटलं, ती गुंगीत होती? गुंगीतून बाहेर यायची ती त्यासाठी!"

"तुला हे कसे माहीत?"

"मी शेजारी बसायचे ना! मला विचारायची, 'बघ गं, तुझा बाप हे वाचून काय म्हणेल?' मी तुमचा आवाज काढायचे. 'सदर प्रस्ताव नामंजूर.' नर्ससुद्धा हसायची."

मी विचारले, की मला वर का बोलावले नाही.

 मरेन म्हणाली, "तेवढाच तास असायचा, बाबा."

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, असे मी निदर्शनास आणून दिले. ती रडू लागली. पाणी दिले; तिने ते न पिता पेला टेबलावर ठेवला. जाताना दारात म्हणाली, "एक ओळ लिहायचीय तुम्हाला. तिच्या नावाखाली तुमचं नाव. लग्नाच्या दाखल्यावर केलीत ना सही? मग इथं कर्तृत्वाच्या दाखल्यावर करा. नाही केलीत तर मला फोन करू नका."

टेबलावर ओले वर्तुळ उमटले होते. पुसले.

२९ सप्टेंबर, शनिवार

मरेनच्या बोलण्याने निर्णय बदलणे योग्य नव्हे. परंतु सही करायची की नाही हे कोडच्या गुणांवर ठरवता येईल. म्हणून दोन आठवडे तळघरातील बाकावर चाचणी घेतली. तार जोडणे आणि तोडणे यासाठी एक यंत्र जुळवले. हजार वेळा भूमिका बदलायला लावली. माझा थर सतरा वेळा अडकला. तिचा कोड एकदाही नाही. तारेत दोष असावा म्हणून तार बदलली. माझा थर एकोणीस वेळा; तिचा शून्य.

एकेचाळीस अपवादांपैकी अडतीस तिच्या रचनेत लागतच नाहीत. ती ड्रायव्हरला आज्ञा देत नाही, विचारते : तयार आहेस का? ड्रायव्हर नाही म्हणाला तर थांबते. मी ज्यांना अपवाद म्हणून नोंदवले त्या चिप बहुधा नुसत्या वेळ मागत होत्या.

हे इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार

सही करण्यास हरकत नाही, या निष्कर्षाप्रत आलो होतो. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचण्याचा माझा प्रघात आहे. तिसऱ्या पॅचमध्ये ओळ दोनशे बारा. ड्रायव्हर तयार होईपर्यंत थांबायचे, आणि या थांबण्याला मर्यादा नाही. ड्रायव्हरने कधीच हो म्हटले नाही तर? कोड वाट पाहतच राहील. हे अनवधान आहे की हेतू, हे कोडवरून ठरत नाही. लेखिकेला विचारणे प्राप्त आहे.

लिस्टवर प्रश्न पाठवला. रीतीप्रमाणे पत्र लेखिकेच्या पत्त्यावर. बारिएंतोस यांना प्रत. कोरीनचे खाते आमच्या घरच्या सर्व्हरवर असून ते चालू आहे. मजकूर : "ओळ २१२. इथे मर्यादा का ठेवली नाही? कृपया कारण सांगावे."

'कृपया' हा शब्द मी परीक्षणात वापरत नाही. पाठवल्यावर लक्षात आले. प्रश्नाला उत्तर देण्याची मुदत रीतीप्रमाणे दोन आठवडे.

२ ऑक्टोबर, मंगळवार

बारिएंतोस यांनी चाळीस मिनिटांत उत्तर दिले. मर्यादा प्रत्येक ड्रायव्हरमध्ये आहे, कारण ज्याला त्याला आपल्या चिपचा धीर ठाऊक असतो. सामाईक कोडने तो परस्पर ठरवू नये, असे कोरीनने त्यांना मे महिन्यात समजावले होते. उत्तर पटण्यासारखे आहे.

मी लिहिले, की प्रश्न त्यांना विचारलेला नाही. लेखिकेने उत्तर द्यावे.

३ ऑक्टोबर, बुधवार

बारिएंतोस यांचा फोन आला. क्रमांक मरेनने दिला. आवाज अपेक्षेपेक्षा वयस्क होता.

"मिस्टर ऑस्ट्रँडर, कारण मी सांगितलंय. बरोबर आहे ना ते?"

"संभवनीय आहे."

"मग?"

"लेखिकेने सांगितलेले नाही."

पलीकडे कोणीतरी छापयंत्र चालवीत होते. ते थांबले. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्या उत्तर देणार नाहीयेत."

"मुदतीचे बारा दिवस शिल्लक आहेत."

"तुमच्याजवळ कुणी आहे का घरात? जेवताय ना वेळेवर?"

मी सांगितले, की प्रश्न अप्रस्तुत आहे, आणि मालिकेत त्यांनी दोन ठिकाणी ओळींचा समास चुकवला होता.

"चुकवला असेल," त्या म्हणाल्या. "ऐका. माझ्यामुळे अडत असेल तर मी बाजूला होते. माझे सात पॅच परत घेते, त्यांच्या चारांवरची माझी सहीसुद्धा. ते चार स्वतंत्र उभे राहतात, मी तपासलंय. आता मध्ये कुणीच नाही. फक्त त्या आणि तुम्ही. तुम्ही वाहून न्या. एवढं करा हो. माझ्या कंपनीचं मी बघेन, मला ओरडा बसेल, बसू दे."

संध्याकाळी त्यांनी तसे लिस्टवर जाहीर केले. कोरीनचे चार पॅच आता माझ्याखेरीज कोणीही पुढे नेऊ शकत नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर नाही. सर्व्हरच्या नोंदीनुसार माझे पत्र १ तारखेलाच तिच्या पेटीत पोहोचले आहे. न वाचलेले आहे. व्यवस्थापक या नात्याने मला ती पेटी उघडता येते, परंतु दुसऱ्याची पत्रे उघडणे असभ्यपणाचे आहे.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सर्व्हरमध्ये बिघाड असण्याची शक्यता ध्यानात घेऊन तिच्या पत्त्यावर एक कोरे पत्र पाठवून पाहिले. पोहोचले. पेटीत आता न वाचलेली दोन.

बाहेर जाणारी पत्रे अडत असतील, म्हणून तेही तपासले. काही अडत नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून नऊ वेळा पाहिले. यंत्रणा उत्तम चालू आहे. दुपारी सूप गरम केले.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साडेअकराला वेंडेलचा फोन.

"हार्लन, मी दार धरून उभा आहे. सगळं तयार आहे. तुझी एक ओळ आली की घेतो."

"मुदत बारा वाजता संपते."

"कसली मुदत?"

"प्रश्न विचारला आहे."

 तो नेहमीच्या थट्टेचा सूर सोडून म्हणाला, "मित्रा, माझं ऐक. ओळ दोनशे बारा बरोबर आहे. तुलाही माहीत आहे. कर सही."

मी म्हणालो, की उत्तराची वाट न पाहता सही केली तर तिला पुढे कधी उत्तर देण्याचे कारण उरणार नाही. हे वाक्य तर्कशुद्ध नाही हे माझ्या लगेच लक्षात आले, पण ते बोलून झाले होते.

"तू सही केली नाहीस तर मी तिचं नाव घालू शकत नाही," वेंडेल म्हणाला. "आणि पुढच्या खेपेला बारिएंतोसची माणसं सगळं नव्याने लिहितील. त्यांच्या नावाने. कोरीनचं एक अक्षर राहणार नाही. कळतंय ना?"

"कळते."

बारा वाजता पेटी पाहिली. सव्वाबाराला पुन्हा पाहिली. घड्याळांत फरक असू शकतो. साडेबाराला लिस्टवर नोंद केली : "लेखिकेकडून उत्तर नाही. चारही पॅच यादीतून काढले आहेत." 'नामंजूर' हा शब्द वापरला नाही. नामंजूर करणे आणि काढून ठेवणे यांत फरक आहे, आणि तो संग्रहात कायम दिसेल.

वेंडेलने दार बंद केल्याची सूचना एक वाजता आली. मरेनला फोन केला. उचलला नाही.

पॅच काढल्यावर लेखिकेला छापील नमुन्यातले पत्र पाठवण्याची पद्धत आहे : आपले काम पुढील तारखेपर्यंत उत्तरासह पुन्हा पाठवल्यास विचार केला जाईल. ते पत्र तिच्या पत्त्यावर पाठवले. तारखेची जागा मोकळी ठेवली.